फुटामागं एक सूत

बाबगोंडा मगदूम तपकिरीच्या डबीतून
पेन ड्राइव्ह काढून माझ्या टेबलावर ठेवतात.
आत एकच फाइल, साधा मजकूर,
ना ठळक ना तिरका. नाव : यादी खरी.
ओळी दोन हजार एकशे बारा.

एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात
लाकडाचे पॅटर्न केले त्यांनी.
वाळूत दाबायचे, अलगद उचलायचे,
मागं जी जागा राहील तिच्यात बीड ओतायचं.
लाकूड आता नाही.
नाल्याकाठच्या गोदामात पुराचं पाणी आठ दिवस होतं,
सागवान फुगलं, जोड उकलले,
फ्लायव्हीलचा अर्धा भाग
कुणाच्या तरी गोठ्यात सापडला म्हणे.
मग एका बोटानं त्यांनी यादी टाइप केली,
मशीन, मशीनखाली भाग, भागाखाली त्याचा भाग,
एकेक पाऊल आत सरकत.

तो जुना प्रोग्रॅम आता कुठंच उघडत नाही.
भाच्याच्या कारखान्यात नवा आहे,
त्याला प्रत्येक ओळ टोकदार कंसात बांधून लागते.

"बाई, बीड थंड होताना आकसतंय.
फुटामागं एक सूत.
म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आस्तोय.
तुमच्यात किती सोडायचं?"

शाहूपुरीत अकरा वर्षं पत्रिका, बिलबुकं, प्रबंध केले मी,
हे कुणी विचारलं नव्हतं.

बटण दाबलं.
ऑइल इंजिन, त्याचं हेड, हेडातला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हची गाइड
सगळे डाव्या भिंतीला टेकून
पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत.
कोण कुणाच्या पोटातला, काही कळेना.

शोधलं तेव्हा दिसलं :
वरच्या भागात चार-चार स्पेस, खाली टॅब.
डोळ्याला दोन्ही सारखंच पांढरं.
सहाशे चाळिसाव्या ओळीवर, पंपाच्या केसिंगखाली,
त्यांना टॅबची कळ सापडलेली.
त्या रात्री ते किती खूश झाले असतील
हे फाइलीत कुठं लिहिलेलं नाही,
पण पुढच्या ओळी भराभरा आत गेल्यात.

चार स्पेसचा एक टॅब केला.
सदतीस ओळी तरीही अडल्या, कुठं तीन, कुठं पाच.
"ही कुणाखाली घेऊ?"
ते तोंडानं सांगत नाहीत.
डाव्या हाताची मूठ करतात,
उजव्याचं बोट तिच्यात घालून फिरवतात.
मी त्या बोटाकडं बघून ओळ आत ढकलते.

संध्याकाळी पाचला यादी उभी राहिली,
फांद्या मिटतात, उघडतात.
मगदूम चष्मा कपाळावर घेऊन मोजत बसले.
"चौदा कमी हाईत."
"रिकाम्या होत्या त्या. नुसती रेघ, पुढं काही नाही.
हा प्रोग्रॅम रिकामं टाकून देतो."
"रिकाम्या कशानं?
चरकाच्या बेअरिंगनंतर एक पॅटर्न होता.
हाताला आठवतोय, नाव येत न्हाई."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत.
"आत पोकळी पायजे आसली
तर तिचाबी साचा करावा लागतोय, बाई. कोर म्हणत्यात.
नुसती जागा सोडली तर बीड भरून टाकतंय."

चौदा जागी चौदा टिंबं दिली.
प्रोग्रॅमनं निमूट ठेवून घेतली.

नवी फाइल डबीत गेली, तपकिरीचा वास घेऊन.
दारात चप्पल घालताना त्यांनी परत तेच काढलं,
"मग? किती आकसलं?"
मी आकडे बघितले.
एकशे ऐंशीचे दोनशे साठ झालेले, सगळे कंसांचे.
"वाढलं, काका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
शिकाऊ पोराकडं बघावं तसं.
"आजून गरम आसंल.
थंड होऊ द्या. सकाळी मोजा."